पिस्टनवर कोण कोण बसलंय ते आधी मोजा

वरून उघडा असलेला एक उभा सिलिंडर घ्या. आत थोडी हवा कोंडलेली आणि तिच्यावर चाळीस किलोचा पिस्टन टेकलेला. पिस्टनभोवतीच्या रिंगमधून हवा निसटत नाही आणि घर्षणही नाही, असं तूर्त धरू. पिस्टनचा व्यास १० सेंटिमीटर. आतल्या हवेचा दाब किती?

डिप्लोमाच्या मुलांपुढे हा प्रश्न टाकला की बहुतेकांचं पेन आधी वायूच्या समीकरणाकडे वळतं. मग शंका सुरू होतात. सर, तापमान दिलं नाहीये. सर, हवा किती ग्रॅम धरायची? पिस्टन तळापासून किती उंचीवर आहे? यातलं काही दिलेलं नाही, कारण काही लागतच नाही. इथला दाब पिस्टनने ठरवलाय. तो जागचा हलत नाही, म्हणजे त्याला वर रेटणारं बल आणि खाली रेटणारं बल सारखं आहे. खाली रेटणारे कोण कोण ते शोधायचं, त्यांची बेरीज करायची आणि क्षेत्रफळाने भागायचं.

क्षेत्रफळ आधी काढू. वर्कशॉपमध्ये त्रिज्या कुणी मोजत नाही, व्हर्नियर व्यासच सांगतो. म्हणून व्यासाचा वर्ग करून त्याला ०.७८५४ ने, म्हणजे पायच्या चौथ्या हिश्शाने गुणणं सोयीचं. इथे ०.७८५४ × १० × १० = ७८.५४ चौरस सेंटिमीटर, किंवा ०.००७८५४ चौरस मीटर. व्यासालाच त्रिज्या समजून सूत्रात घातलं तर क्षेत्रफळ चौपट येतं आणि दाब चौथा हिस्सा होतो. परीक्षेतल्या उत्तरपत्रिकांत ही चूक जितकी दिसते तितकी दुसरी कुठलीच दिसत नसेल.

आता खाली रेटणारे. पहिलं पिस्टनचं स्वतःचं वजन: ४० × ९.८१ = ३९२ न्यूटन. भागिले ०.००७८५४ केलं की साधारण ५०,००० पास्कल (न्यूटन प्रति चौरस मीटर), म्हणजे अर्धा बार. इथे बरेच जण थांबतात आणि उत्तर लिहून मोकळे होतात. पण सिलिंडर वरून उघडा आहे, आणि वर आपल्याला न दिसणारी वातावरणाची हवा बसलीय. समुद्रसपाटीला तिचा दाब १.०१३ बार. पिस्टनच्या या छोट्या वर्तुळावर तिचं बल जवळपास ७९६ न्यूटन होतं, म्हणजे ८१ किलोचं ओझं. चाळीस किलोच्या लोखंडापेक्षा वरची हवा दुप्पट भारी! दोघांची बेरीज धरली की आतल्या हवेचा दाब १.०१३ + ०.५ = १.५१ बार.

पिस्टनचा खालचा चेहरा सपाट नसला, घुमटासारखा फुगलेला किंवा वाटीसारखा खोल असला तरी काय फरक पडतो? काही नाही. तिरक्या पृष्ठभागावर हवा तिरकी रेटते. त्यातला आडवा जोर समोरासमोरच्या बाजूंवर एकमेकांना मारतो आणि उभा जोर तेवढा उरतो. हिशेबाला बोअरचंच, म्हणजे सिलिंडरच्या गोल भोकाचंच, क्षेत्रफळ घ्यायचं. परीक्षक मुद्दाम वाकड्या तोंडाचा पिस्टन काढून मुलांना घाबरवतात, तेवढ्यापुरताच तो वाकडा असतो.

गेज शून्य दाखवतो तेव्हा

मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर प्रेशर गेज घ्यायला गेलात तर एकाच डायलवर दोन पट्ट्या असलेले गेज सर्रास मिळतात: एक पीएसआयची (पाउंड प्रति चौरस इंच), दुसरी 'किलो'ची. दुकानदार 'सात किलोचा देऊ की दहा किलोचा?' असं विचारतो, तेव्हा त्याच्या मनात किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतं. १ किलो म्हणजे ०.९८ बार, म्हणजे १४.२ पीएसआय. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय किंवा १,००,००० पास्कल. ढोबळ कामाला किलो आणि बार सारखेच धरले तरी दोन टक्क्यांचाच फरक. ड्रॉइंगवर सगळी मापं मिलिमीटरमध्ये असतात, तेव्हा बल न्यूटनमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये ठेवावं. उत्तर थेट मेगापास्कलमध्ये येतं आणि त्याला दहाने गुणलं की बार. शून्यं मोजत बसावं लागत नाही.

एककांपेक्षा जास्त घोळ घालते ती दुसरी गोष्ट. दुकानाच्या काउंटरवर पडलेल्या गेजचा काटा शून्यावर असतो. पण त्याच्याभोवती तर १.०१३ बारचं वातावरण आहे! गेज बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे तेवढंच सांगतो. हा गेज दाब. त्यात वातावरणाचा दाब मिळवला की निरपेक्ष दाब. पंक्चरवाला 'पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस' म्हणतो ते आकडे गेजचे असतात. आपल्या पिस्टनखाली गेज लावला असता तर त्याने ०.५ बार दाखवलं असतं, आणि तेही खोटं नाही.

मग कुठे कोणता वापरायचा? पिस्टनच्या दुसऱ्या बाजूला वातावरणच असेल आणि तुम्हाला फक्त जोर काढायचा असेल, तर गेज दाब चालतो. वातावरण दोन्हीकडून वजा होतं. पण हवेचं आकारमान, तापमान, दाबलं जाणं यांचा संबंध आला की निरपेक्ष दाबाशिवाय गती नाही. गेजवर २ बार दाखवणारी हवा निम्म्या जागेत कोंडली आणि तापमान तेच राहिलं, तर गेज ४ दाखवील असं वाटतं. खरं तर आत आधी ३.०१ बार होते, ते ६.०३ झाले, म्हणून गेजवर ५ दिसतील. बॉइलने १६६२ साली दाब आणि आकारमानाचा जो गुणाकार कायम राहतो म्हणून मांडला, तो निरपेक्ष दाबाचा. तापमानाचंही तसंच. ३० अंशांचे ६० अंश झाले म्हणजे हवा दुप्पट तापली नाही. अंशांत २७३ मिळवून केल्विन काढले तर ३०३ केल्विनचे ३३३ झाले, जेमतेम दहा टक्के.

मुंबईकराला इथे एक सवलत आहे. आपण समुद्राच्या काठावर राहतो, त्यामुळे पुस्तकातला १.०१३ बार डोळे मिटून वापरला तरी चालतो. पावसाळ्यात हवेचा दाब उतरतो तो एखाद्या टक्क्याने. हाच सिलिंडर महाबळेश्वरला नेला तर मात्र १,३५० मीटर उंचीवर वातावरण साधारण ०.८६ बारवर येतं. पिस्टनचं वजन तेच, म्हणून गेज तेव्हाही अर्धा बार दाखवणार. पण आतला निरपेक्ष दाब १.५१ ऐवजी १.३६ होईल आणि तीच हवा जास्त जागा घेईल, म्हणून पिस्टन मुंबईपेक्षा थोडा वर जाऊन बसेल.

तापवलं तर?

सिलिंडरखाली शेगडी लावली. दाब वाढेल? पिस्टन मोकळा आहे तोवर नाही वाढणार. हवा फुगते, पिस्टन सावकाश वर सरकतो, पण त्याच्यावरचं ओझं तेच राहतं, म्हणून दाबही १.५१ बारच. हे पटायला वेळ लागतो, कारण 'तापवलं की दाब वाढतो' हे आपण शाळेपासून घोकलेलं असतं. ते वाक्य बंद डब्याचं आहे. भिंतीतल्या खुंट्यांना पिस्टन अडकला की सिलिंडर बंद डबा होतो, आणि तिथून पुढे दाब केल्विन तापमानाच्या पटीत चढू लागतो. ओझ्याच्या यादीत तेव्हा खुंटीही येते. वजन आणि वातावरण तोलून हवेचा जो जास्तीचा जोर उरतो, तेवढंच ती उलट रेटते.

वर स्प्रिंग असेल तर गोष्ट या दोन्हींच्या मधली. स्प्रिंग दर मीटरला १०,००० न्यूटन जोर देणारी धरू. पिस्टन ५ सेंटिमीटर वर चढला की ती ५०० न्यूटनने खाली दाबणार. ५०० भागिले ०.००७८५४, म्हणजे आणखी ०.६४ बार. आता दाब २.१५. पिस्टन जसजसा चढेल तसतसा दाब सरळ रेषेत वाढत जाईल. तिन्ही प्रकारांत पद्धत एकच राहिली: यादीत एक नाव वाढलं, एवढंच.

डब्याखालचा सिलिंडर

सीएसएमटीला किंवा दादरला लांब पल्ल्याची गाडी उभी असताना डब्याखालून हवा सुटल्याचा आवाज येतो, त्यात या गणिताचा एक चांगला नमुना दडलाय. आपल्या रेल्वेच्या एअर ब्रेकमध्ये गाडीच्या टोकापासून टोकापर्यंत एक ब्रेक पाइप जातो, त्यात ५ किलोचा दाब ठेवलेला असतो. चालकाने तो उतरवला की प्रत्येक डब्यातला झडपांचा संच जागा होतो आणि डब्याच्याच टाकीत साठवलेली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडतो. म्हणजे पाइप तुटला, डबे सुटले, तरी दाब उतरणारच आणि ब्रेक लागणारच. ब्रेक सिलिंडरमधला दाब पूर्ण ब्रेकला ३.८ किलोपर्यंत चढतो.

पारंपरिक आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्यांखाली आणि मालवाघिणींखाली बसवलेला ब्रेक सिलिंडर ३५५ मिलिमीटर व्यासाचा असतो. क्षेत्रफळ ०.७८५४ × ३५.५ × ३५.५, म्हणजे ९९० चौरस सेंटिमीटर. गुणिले ३.८ केलं की ३,७६० किलो. पावणेचार टनांचा धक्का, आणि तो पुढे दांड्या-तरफांमधून वाढत चाकांपर्यंत जातो. पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग यातला थोडा वाटा खाते. इथे गेज दाब वापरला, कारण पिस्टनच्या पलीकडे बाहेरचीच हवा आहे.

जुन्या गाड्यांत मात्र व्हॅक्यूम ब्रेक होता, आणि त्याचा हिशेब उलटा चालायचा. ब्रेक सुटलेला असताना पिस्टनच्या वर आणि खाली, दोन्हीकडे निर्वात, पाऱ्याच्या ५१० मिलिमीटरांचा. ब्रेक लावायचा म्हणजे पाइपमध्ये बाहेरची हवा घ्यायची. ती पिस्टनच्या खाली शिरते, वर निर्वात तसाच कोंडलेला राहतो, आणि पिस्टन वर उचलला जातो. ढकलणारं कोण? साधं वातावरण. पूर्ण वातावरण ७६० मिलिमीटरांचं, म्हणजे १.०३३ किलो, त्यातले ५१० म्हणजे ०.६९ किलो. तेवढ्यावर पावणेचार टन काढायचे तर पिस्टन ८३ सेंटिमीटर व्यासाचा हवा! शिवाय पंप कितीही जबरदस्त आणला तरी निर्वाताची धाव शून्यापर्यंतच, १.०३ च्या पलीकडे काही मिळायचं नाही. दाबाच्या हवेला अशी छपराची अडचण नाही. रेल्वेने व्हॅक्यूम सोडून एअर ब्रेक धरला त्याची कारणं आणखीही आहेत, पण हे भागाकाराचं कारण एकट्यानेच पुरेसं आहे.

दाबून बंद केलेली हवा

इंजिनात पिस्टन स्वतः हलतो आणि हवेला कोपऱ्यात घेतो, तेव्हा ओझ्यांची यादी करून भागत नाही. हवेचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. शंभर सीसीच्या मोटारसायकलीचा ५० मिलिमीटर बोअर आणि ४९.५ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव, घ्या. क्षेत्रफळ १९.६३ चौरस सेंटिमीटर, गुणिले ४.९५, म्हणजे ९७.२ सीसी (घन सेंटिमीटर). हे झालं पिस्टनने झाडून काढलेलं आकारमान. पिस्टन अगदी वर पोचल्यावरही डोक्यावर थोडी जागा उरते, ती १०.८ सीसी धरू. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, किती? ९७.२ भागिले १०.८ करून ९ म्हणायचा मोह होतो. पण तळाला असताना पिस्टनच्या वर दोन्ही मिळून १०८ सीसी हवा होती. १०८ भागिले १०.८, म्हणजे १०.

आता ही हवा दसपट दाबली. बॉइलच्या हिशेबाने दाब दसपट, १०.१३ बार. पण बॉइलची अट अशी की तापमान बदलता कामा नये, आणि इथे तर हवा सेकंदाच्या छोट्या तुकड्यात दाबली जाते. तापायला लागते तेव्हा उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. सायकलच्या पंपाचं टोक बोटाने दाबून जोरात हापसलं की पंपाची खालची बाजू गरम लागते, तेच हे. उष्णता अजिबात सुटली नाही असं मानलं तर दाब रेशोच्या १.४ व्या घाताने वाढतो. १० चा १.४ वा घात २५.१ येतो, म्हणजे दाब २५ बारच्या वर. तापमान रेशोच्या ०.४ व्या घाताने, २.५१ पट: २७ अंशांची, म्हणजे ३०० केल्विनची हवा ७५३ केल्विनवर, म्हणजे ४८० अंशांवर. डिझेल इंजिनाचा रेशो १८ धरला तर हाच आकडा ६८० अंशांच्या आसपास जातो. डिझेलला पेटायला स्पार्क प्लग का लागत नाही ते यातच आलं.

मग गॅरेजमध्ये प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज बसवून किक मारली की काटा २५ बार दाखवतो का? मुळीच नाही. धडधाकट पेट्रोल इंजिन दीडशे ते पावणेदोनशे पीएसआयच्या आसपास थांबतं, म्हणजे साधारण १० ते १२ बार. हा बॉइलच्या आकड्याच्या जवळचा दिसतो म्हणून बॉइल बरोबर, असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो योगायोग आहे. खरं कारण व्हॉल्व्हमध्ये आहे. आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचताक्षणी मिटत नाही. पिस्टन वर निघाल्यावर बऱ्याच अंशांनी मिटतो. वेगात धावणाऱ्या इंजिनात आत धावत येणाऱ्या हवेला आणखी थोडी शिरू द्यायची म्हणून ही सोय. पण किकच्या मंद गतीत आत आलेली थोडी हवा त्याच वाटेने परत जाते. दाबलं जाणं उशिरा सुरू होतं, म्हणून कामाला येणारा रेशो १० नसून ७.५ च्या घरात असतो. त्यात थंड भिंती उष्णता शोषतात, रिंगांमधून थोडी हवा गळते, आणि घात १.४ वरून १.२५ च्या आसपास उतरतो. ७.५ चा १.२५ वा घात १२.४. गुणिले १.०१३, म्हणजे १२.६ बार निरपेक्ष. वातावरण वजा करा, ११.६ बार गेज. पीएसआयमध्ये १६८.

आकडा कमी आला तर जुने मेस्त्री आणखी एक चाचणी करतात. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. तेलाने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. जिथल्या तिथे राहिला तर गळती व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून आहे. सगळं इंजिन खोलून बघण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

स्फोटानंतरचा दाब वेगळाच. पेट्रोल पेटल्यावर सिलिंडरमध्ये ४० बार दाब झाला असं धरलं, तर त्या ५० मिलिमीटरच्या पिस्टनवर ७,८५० न्यूटन, म्हणजे ८०० किलो. पण पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला हे सगळं बल मिळतं असं समजू नका. पिस्टन स्थिर नाही, म्हणून दोन्ही बाजूंची बलं सारखी असण्याची अट इथे मोडते; फरक उरतो तो पिस्टनला वेग देण्यात किंवा काढून घेण्यात जातो. ७,५०० आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) स्ट्रोकच्या वरच्या टोकाशी पिस्टनचं त्वरण मीटर प्रति सेकंद वर्गात १९,००० च्या आसपास असतं. पिस्टन आणि पिन मिळून फक्त १०० ग्रॅमचे असले तरी त्यांना वळवायला १,९०० न्यूटन, जवळजवळ दोनशे किलोंचा जोर लागतो. गॅस खाली ढकलत असताना त्याच्या ७,८५० न्यूटनांतला जवळपास चौथा हिस्सा त्यातच खर्ची पडतो.

तेलाचा खेळ

हवेच्या जागी तेल आलं की हिशेब सोपा होतो, कारण तेल दाबलं जात नाही म्हटलं तरी चालतं. पास्कलचा नियम इथेच कामाला येतो: कोंडलेल्या तेलात एका जागी दिलेला दाब सगळीकडे तेवढाच पोचतो. गॅरेजमधल्या बाटली जॅकचा मोठा पिस्टन ४ सेंटिमीटर व्यासाचा आणि त्यावर गाडीच्या एका कोपऱ्याचा १,००० किलो भार धरू. क्षेत्रफळ १२.५७, म्हणून तेलात दाब ७९.६ किलो. पंपाचा बारीक पिस्टन १.२ सेंटिमीटरचा, क्षेत्रफळ १.१३, त्याला ९० किलोंनी दाबावं लागेल. दांडीची तरफ वीसपट असेल तर हाताला साडेचार किलोच. बदल्यात काय द्यावं लागतं? बारीक पिस्टन २ सेंटिमीटर खाली गेला की गाडी १.८ मिलिमीटर उचलली जाते. हात भरून येतो तो यामुळे.

गाडी जॅकवर आलेली नसते तेव्हा दांडी कितीही हलवा, गेजवर जवळपास काहीच दिसत नाही. पंप फक्त तेल पुढे ढकलतो. त्या तेलाला समोरून जो अडवतो, त्याच्या ताकदीएवढा दाब चढतो. हायड्रॉलिकवाल्यांच्या तोंडी हे वाक्य कायम असतं आणि ते खरंही आहे. म्हणूनच प्रत्येक यंत्रात रिलीफ व्हॉल्व्ह लागतो: समोरचा अडथळा हटेचना तर दाब कुठवर चढू द्यायचा ते तो ठरवतो.

पालिकेच्या कचरा दाबणाऱ्या गाड्यांवर आणि रस्ता खणणाऱ्या जेसीबींवर जे चकचकीत दांड्यांचे सिलिंडर दिसतात, त्यांना तेल दोन्ही बाजूंनी दिलेलं असतं. बोअर १०० मिलिमीटर आणि दांडा ६० मिलिमीटर धरा. एका बाजूला पूर्ण ७८.५ चौरस सेंटिमीटर. दांड्याच्या बाजूला दांड्याने जागा खाल्लेली, उरले ५०.३. दाब २०० बार असेल तर बाहेर ढकलताना १६ टन, आत ओढताना जेमतेम सव्वादहा. यातूनच एक धोका निघतो, आणि तो शिकाऊ मेकॅनिकला कुणीतरी वेळेत सांगायला हवा. पिस्टन बाहेर ढकलताना दांड्याच्या बाजूचं तेल परत जायची वाट बंद राहिली तर काय होईल? मागून १६ टन रेटतायत, पुढे ५०.३ चौरस सेंटिमीटरवर तेल अडलंय. तिथला दाब २०० × ७८.५ ÷ ५०.३, म्हणजे ३१२ बार. पंपाजवळचा गेज निवांत २०० दाखवत असतो आणि होज, म्हणजे तेलाची नळी, पुढच्या बाजूला फुटतो.

क्षेत्रफळ मोठं झालं की थोडासा दाब काय करतो याचं मुंबईतलं टोकाचं उदाहरण कोस्टल रोडखाली होतं. प्रियदर्शनी पार्क ते गिरगाव चौपाटी असे जुळे बोगदे खणणाऱ्या 'मावळा' यंत्राचा व्यास १२.१९ मीटर. तोंडाचं क्षेत्रफळ ११६.७ चौरस मीटर. समोरची माती-पाणी एका बारने जरी उलट रेटत असेल, तरी फक्त ती तोलून धरायला १,१९० टन लागतात. खडक फोडायचा जोर त्याच्यावर वेगळा.

घर्षण आणि मुंबईचं गुरुत्व

आतापर्यंत घर्षण नाही म्हणत आलो. प्रत्यक्षात रिंग आणि सील भिंतीला घासतात, आणि घर्षण नेहमी हालचालीच्या विरुद्ध असतं. पिस्टन वर चढताना घर्षण ओझ्यात मिळतं, उतरताना ओझ्यातून वजा होतं. याचा उपयोग करून घेता येतो. ओझं तेच ठेवून पिस्टन सावकाश वर नेताना गेज ०.५५ बार आणि सावकाश खाली येताना ०.४५ बार दाखवत असेल, तर ओझ्याचा खरा दाब मधला, ०.५ बार. फरकाचा अर्धा, ०.०५ बार, हे घर्षण: ७८.५४ चौरस सेंटिमीटरवर ३९ न्यूटन.

प्रेशर गेज तपासणाऱ्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये डेड वेट टेस्टर नावाचं जे उपकरण असतं, त्याच्या पोटात अगदी बारकाईने घासलेला एक पिस्टन-सिलिंडरच असतो. वर ठरावीक वजनाच्या चकत्या, खाली तेल, आणि दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. घर्षण मारण्यासाठी तिथे युक्ती साधी आहे: चकत्या हाताने फिरवून गोल फिरत्या ठेवतात. पिस्टन सतत फिरत असला की उभ्या दिशेला घर्षण उरत नाही.

या उपकरणात मुंबईचाही वाटा असतो. चकत्यांवर कोरलेला दाब बहुधा प्रमाण गुरुत्वत्वरण ९.८०६६५ धरून काढलेला असतो. मुंबई १९ अंश अक्षांशावर, विषुववृत्ताकडे झुकलेली. इथे गुरुत्व साधारण ९.७८६. फरक ०.२ टक्के. १०० बार लिहिलेल्या चकत्या इथे ठेवल्या तर तेलात ९९.८ बारच तयार होतो. एक टक्का अचूकतेच्या गेजला याचं काही नाही. ०.१ टक्क्याचा गेज तपासायचा असेल तर चकत्यांवरच्या आकड्याला ०.९९७९ ने गुणून मगच वहीत लिहायचं.